औषध सुटते तेव्हा दोष कुणाचा?

क्षयाचे औषध मध्येच सोडणे हा रुग्णाचा अपराध मानावा का, या प्रश्नाला चरकसंहितेत दोन उत्तरे सापडतात. हित कशात आहे हे कळूनही बुद्धी, धृती किंवा स्मृती ढळल्याने माणूस अहित करतो, तो प्रज्ञापराध. ठपका ठेवणाऱ्यांना हे पहिले उत्तर सोयीचे वाटते.

पण क्षयात हे कळणेच अवघड असते. साध्या क्षयाचे उपचार 6 महिन्यांचे. बहुतेकांचा खोकला पहिल्या दोन महिन्यांत ओसरतो, भूक लागते, अंगात ताकद येते आणि माणूस कामावर रुजू होतो. फुप्फुसात सुस्तावलेले जंतू उरलेले असतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी. आजार जाणवत नाही, जाणवते ते औषध: मळमळ, सांधेदुखी, रिफॅम्पिसिनने लालसर-केशरी होणारी लघवी. आधी कुणी सांगितलेले नसेल तर रक्त जाते आहे असे वाटून रुग्ण गोळ्या थांबवतो. त्याला धृतिहीन म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरे उत्तर अधिक न्याय्य आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद. सांगितलेले पाळणे हा रोग्याचा गुण खरा, पण तो चारांपैकी एका पादाचा. मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवले की घरी औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात. गरिबांची त्यामुळे मोठी सोय झाली. मात्र परिचारकाचे कामही रुग्णाच्याच गळ्यात पडले.

कुणाच्या तरी देखत गोळी घेण्याची 'डॉट्स' पद्धत ही उणीव भरून काढायला आली, पण पाळत म्हणजे सोबत नव्हे. औषध देणाऱ्या केंद्राची वेळ गाठताना मजुराचा खाडा होतो. सासरी आजार लपवणारी सून तिथे दिसायलाच घाबरते. गोळी घराजवळ आणि सोयीच्या वेळी मिळणे, त्रासाची त्याच दिवशी दखल घेतली जाणे, साठा कधीही न संपणे ही उरलेल्या तीन पादांची कामे. क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून 2018 पासून महिना 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. बुडालेल्या मजुरीपुढे तेही तोकडेच.

अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवतो आणि तो शेजाऱ्यालाही होऊ शकतो. म्हणून समाजाला रुग्णाकडे नियमितपणा मागण्याचा हक्क आहे, पण आपले तीन पाद सांभाळल्यावरच. एवढे करूनही कुणी जाणूनबुजून नकार दिला तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शनानुसार तेव्हाही औषध बळजबरीने देता येत नाही. इच्छेविरुद्ध वेगळे ठेवणे हा सगळे उपाय थकल्यावरचा, अगदी शेवटचा मार्ग.