अर्धा कप चहा

पुण्यात अप्पा बळवंत चौकामागच्या गल्लीत एक बाइंडर होता. त्याची जुजबंदी, म्हणजे पुस्तकाची शिवण, इतकी पक्की की पान फाटेल, पण फर्मा (घडी घातलेल्या पानांचा जुडगा) निखळणार नाही, असं प्रकाशक सांगत. दारूने त्या हाताची पार रया घालवली. सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय सुईत दोरा जाईना.

शेवटी बायकोने त्याला येरवड्याला, मुक्तांगणमध्ये नेलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली उभं केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. उपचार पुरे करून निघताना समुपदेशकांनी बजावलं, "इथे दारू थांबली. ती थांबलेली राहावी म्हणून मीटिंगला जात जा." सोबत घराजवळच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या गटाचा पत्ताही दिला.

गट एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी भरायचा. 'कोणी ओळखीचं निघालं तर?' या धास्तीने बाइंडर फाटकापर्यंत जाऊन परत फिरायचा. अखेर एकदाचा आत गेला. फी नव्हती, रजिस्टर नव्हतं, आडनाव कोणी विचारलं नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. चहा-भाड्यासाठी डबा फिरला, पण नव्या माणसाने पैसे टाकलेच पाहिजेत असं नव्हतं. एका वयस्कर काकांनी त्याला चहा दिला, तोही अर्धाच कप. 'एवढासाच?' असं त्याच्या मनात येऊन गेलं.

एकेक जण नाव सांगून, "मी मद्यपी आहे" म्हणून आपली कहाणी सांगत होता. कोणी मध्ये बोलत नव्हतं, कोणी उपदेश करत नव्हतं. एकाने बायकोचं मंगळसूत्र विकल्याचं सांगितलं, तेव्हा बाइंडरची मान खाली गेली. तेच त्यानेही केलं होतं.

पुढे हात स्थिरावले, रुसलेले प्रकाशक परत आले. बायको मुक्तांगणमधल्या 'सहचरी' या पत्नींच्या गटात नेमाने जात राहिली. ह्याचं जाणं मात्र सुटलं.

"अहो, आज मीटिंग आहे ना?"

"दिवाळी अंकांची घाई आहे. आणि दारू सुटली की आता. तिथे तेच तेच काय ऐकायचं?"

दसऱ्याला तो काम करायचा त्या कारखान्यात कटिंग मशीनची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या. संध्याकाळी मालक घरी गेल्यावर कोणीतरी बाटली काढली. "एका पेगने काय होतंय? एवढे महिने राहिलास की!" बाइंडरला ते पटलं. हात ग्लासापर्यंत गेला, आणि मीटिंगमध्ये नेहमी कानावर पडणारी गोष्ट आठवली: घात करतो तो पहिला प्याला. तो तडक बाहेर आला आणि त्याने फोन लावला.

"काका, आज माझं काही खरं नाही."

"मग लगेच ये. आज एक नवा मुलगा आलाय, त्याच्याजवळ बसायला माणूस हवाय." सण हाच पिणाऱ्याच्या घाताचा दिवस, म्हणून गट सणालाही बंद नसे.

"माझाच पाय घसरतोय. मी त्याला काय सांगू?"

"तेच सांग."

मुलगा शेवटच्या बाकावर बसला होता. बाइंडरने त्याच्यासाठी कप काठोकाठ भरला, मग त्याच्या बोटांकडे लक्ष गेलं. ती थरथरत होती. भरलेला कप सगळा अंगावर सांडला असता. त्याने अर्धा चहा परत किटलीत ओतला. काकांनी तेव्हा अर्धाच कप का दिला, ते त्याला आता उमगलं.

"दादा, उद्यापासून एकदम बंद," मुलगा म्हणाला.

"असं मनानेच करू नकोस. खूप पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, जिवावरही बेततं. सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो." मग त्याने मंगळसूत्राची गोष्ट सांगितली, तासाभरापूर्वीच्या ग्लासाचीही सांगितली. मुलाने पहिल्यांदा वर पाहिलं. मीटिंग संपली तेव्हा बाइंडरच्या ध्यानात आलं, की त्याची स्वतःची तलफ केव्हाच ओसरली होती.

घरी जाताना काका म्हणाले, "आपली चळवळ अशीच सुरू झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात अडकला होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, हॉटेलात एकटा आणि बार समोरच. काही महिने तो प्यायला नव्हता. बारमध्ये शिरण्याऐवजी त्याने फोन फिरवले आणि आपल्यासारखाच दारूने गांजलेला माणूस शोधला. त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटंच बसतो म्हणून आलेले डॉक्टर कितीतरी तास बोलत राहिले. पुढे १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच एएचा स्थापनादिवस ठरला. बिलने त्यांना शोधलं ते स्वतः तगून राहण्यासाठी."

बाइंडर म्हणाला, "सुटा फर्मा कितीही चांगला छापलेला असला तरी वाऱ्यावर जातो, काका. शिवणीत आला की टिकतो." त्यानंतर त्याने मीटिंग चुकवली नाही.

तात्पर्य: दारू सुटली म्हणून सोबत सोडू नये. मन डळमळेल तेव्हा आपल्यासाठी मीटिंगला जावं, मन स्थिर असेल तेव्हा दुसऱ्यासाठी जावं. दोन्ही वेळा आपण स्वतः वाचतो.