पट सगळ्यांचा, नाव कुणाचे?

वाघबकरी म्हटले की शहरातल्या माणसाला चहाचा पुडा आठवतो. भोकरदनकडच्या एखाद्या जुन्या माणसाला मात्र ओट्यावर कोळशाने आखलेला पट आठवेल: वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघ कोंडायचा. पुड्यावर ते नाव एका गुजराती कंपनीचे आहे आणि त्यात वावगे काही नाही. चहाचा वाघाशी काही संबंध नसतो, म्हणूनच ते त्या चहाची ओळख ठरते. खेळाला तेच नाव लावले की तो खेळाचा साधा उल्लेख होतो आणि उल्लेखावर मालकी नसते. निदान नसावी. भोकरदनमधल्या एखाद्या तरुणाने उद्या हा खेळ मोबाइलवर आणला, तर त्यात त्याचे स्वतःचे काय, हे या फरकावर ठरेल.

नियमांपुरता कायदा स्वच्छ आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये खेळ खेळण्याची पद्धत हा ‘शोध’ नव्हे, असे सरळ म्हटले आहे. कॉपीराइट मिळतो तो चित्रांना, संगीताला, लिहिलेल्या प्रोग्रॅमला. दान किती पडले की सोंगटी किती घरे सरकते, याला नाही. मला हे योग्य वाटते. औरंगाबादच्या हरिकृष्णांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात बुद्धिबळासह कितीतरी खेळ नोंदवून ठेवले. (भोकरदन तेव्हा औरंगाबादकडेच होते, जालना जिल्हा १९८१ चा.) नियम कुणाच्या मालकीचे असते, तर असा ग्रंथ लिहायला आधी परवानग्या गोळा कराव्या लागल्या असत्या.

नावाची गोष्ट निराळी आहे आणि ती कशी, हे आपल्याकडच्याच एका खटल्याने दाखवले. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा शब्दखेळ इंटरनेटवर आणला. फेसबुकवर तो तुफान चालला. तो स्क्रॅबलवरच बेतलेला होता, हे कुणी लपवलेही नव्हते. स्क्रॅबलचे हक्क सांगणारी मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २००८ मध्ये न्या. रवींद्र भट यांनी अंतरिम आदेश दिला. पटावरच्या रंगीत चौकटींवर कॉपीराइट सांगण्याचा मॅटेलचा मुद्दा त्यांनी मान्य केला नाही. त्या चौकटी म्हणजेच खेळाचे नियम. त्या वेगळ्या काढल्या तर खेळच उरत नाही आणि त्यांच्यावर मक्तेदारी दिली, तर नियमांवरच दिल्यासारखे होते. नाव मात्र फसवे साधर्म्य असलेले ठरले आणि ते वापरायला मनाई झाली. भावांनी खेळ ‘लेक्स्युलस’ या नावाने चालू ठेवला. हा निकाल मला समतोल वाटतो. बुद्धी वापरून उभारलेला खेळ वाचला, दुसऱ्याच्या नावावर आयती मिळालेली ओळख तेवढी गेली.

पण मोबाइलवर ही ओळख म्हणजे जवळजवळ सगळेच. दुकानात खोका हातात घेऊन उलटसुलट पाहता येतो. ॲप शोधणारा माणूस नाव टाइप करतो आणि वर जे येईल ते घेतो. नवी मुंबईत तयार झालेला ‘लूडो किंग’ २०१६ मध्ये आला. त्यातला ‘लूडो’ सगळ्यांचा आहे, म्हणूनच त्या नावाची इतर ॲप्स शेजारी सुखाने नांदतात.

लूडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये घेतले गेले, यावर आपल्याकडे अधूनमधून संताप होतो. आमची पचिशी त्यांनी चोरली, वगैरे. हा संताप चुकीच्या जागी खर्च होतो. ते पेटंट मुदतीनंतर संपले. अमेरिकेत मात्र १८७४ मध्ये ‘पारचीझी’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदले गेले, ते आजही एका कंपनीकडे आहे. आपल्याकडेही ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती कितीही वेळा वाढवून घेता येते. भीती बाळगायची तर या न संपणाऱ्या हक्काची.

मग खेळांना भौगोलिक मानांकन घ्यावे, असे कुणी सुचवेल. जालन्याच्या मोसंबीला ते आहे आणि शोभतेही. मोसंबीला माती असते. वाघबकरीचा पट तमिळनाडूत ‘आडू पुली आट्टम’ म्हणून आखतात, नेपाळात ‘बाघचाल’ म्हणून. त्याला कोणत्या तालुक्याचा शिक्का मारणार?

त्यापेक्षा जुन्या नावांचे पुरावे जमवावेत. वाघबकरी, नवकंकरी, सारीपाट ही खेळांची रूढ नावे आहेत, असे दाखवता आले तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी नाकारली जाऊ शकते. अडचण अशी की आजीच्या आठवणीपेक्षा छापील पानाला वजन असते आणि खेड्यातले खेळ फारसे छापले गेलेच नाहीत. जुने कोश, गॅझेटिअर, मुलांची मासिके यांतल्या नोंदी कुणीतरी तारखांसह एकत्र करायला हव्यात. हे काम वकिलांपेक्षा महाविद्यालयांतले मराठी विभाग बरे करतील. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी इंटरनेटवर निघते आणि कुणालाही फुकट वाचता येते. त्यात नाव छापून आल्यापासून चार महिन्यांच्या आत कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. तिचा स्वतःचा धंदा असायलाच हवा, अशी अट कायद्यात नाही.