कामातले समाधान व कामाचे फळ

वर्ष संपत आले म्हणजे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस अहवाल लिहावा लागतो. त्या कागदावर रकाने असतात: बाप्तिस्मे किती झाले, नवे जिज्ञासू किती, वर्गणी किती जमली. वर्षभर उन्हातान्हात वाड्यावस्त्या पायांखाली घातल्या, आजाऱ्यांजवळ रात्री काढल्या, मुलांस अक्षरओळख करून दिली. पण पहिल्या रकान्यात मांडावयास एक आकडाही नाही, असे पुष्कळांच्या वाट्यास येते. मग मनात प्रश्न उभा राहतो की, ज्यासाठी खपलो ते हाती आले नाही, तर खपणे व्यर्थच गेले काय? समाधान कामातच असते, की फळ पदरी पडल्यावरच ते मिळावयाचे?

शेजारचा हिंदू बांधव म्हणेल की, गीतेने ह्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. कर्म आपले, फळ आपले नव्हे. हा विचार थोर आहे, व त्याची थट्टा करणे आम्हांस शोभणार नाही. तथापि ख्रिस्ती मनुष्याने फळाची इच्छाच सोडावी, असे आमचे शास्त्र सांगत नाही. आपल्या जातिबांधवांविषयी मनात अखंड वेदना आहेत, हे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात उघड सांगतो. ज्याचे लोकांवर प्रेम आहे, त्यास त्यांच्या कल्याणाची तळमळ असणारच. तेव्हा इच्छा राहणार. तिला कोठे बसवावे, एवढाच प्रश्न आहे.

ह्याविषयी पंडिता रमाबाईंच्या शास्त्र-भाषांतराची हकीकत विचार करण्याजोगी आहे. रमाबाई पुराणिकाच्या घरी वाढलेल्या, संस्कृतात पारंगत. त्यांनी मनात आणले असते तर पंडितांनी मान डोलवावी अशी भाषा सहज लिहिली असती. परंतु केडगावच्या मुक्तिसदनात त्यांच्यासमोर ज्या बाया व मुली होत्या, त्यांतील पुष्कळ दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरशत्रू अशा होत्या. त्यांस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे, म्हणून ह्या बाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि सुमारे दीड तप हे काम चालविले. खिळे जुळविणे व छापणे हे कामही तेथल्याच स्त्रियांनी केले. १९२१ साली रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ साली. बांधलेले पुस्तक त्यांच्या हाती आलेच नाही. आणि पुढे काय झाले? आमच्या मंडळ्यांत वाचावयास बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. रमाबाईंचे सर्वत्र रूढ झाले नाही. रकान्याच्या हिशेबाने पाहिले तर हा मोठा तोटाच म्हणावा लागेल.

पण हा हिशेब आम्हांस अपुरा वाटतो. रमाबाईंस फळाची इच्छा नव्हती असे कोण म्हणेल? मात्र ती इच्छा कामाच्या शेवटी वाट पाहत उभी नव्हती. ती कामाच्या आत उतरली होती. हा शब्द त्या बाईस कळेल काय, हे वाक्य तिच्या कानास ओळखीचे लागेल काय, असे जितक्या वेळा त्यांनी स्वतःस विचारले असेल, तितक्या वेळा उद्देश व काम एक झाले. पेरणी करणारा शेतकरी हे जाणतो. चाड्यावर मूठ धरलेली असता तो सुगीची पोती मोजू लागला, तर मूठ चुकते व तास रिकामे जाते. पीक यावे ही त्याची इच्छा त्या वेळी त्याच्या बोटांत असते.

येथे आळशास सवड मिळू नये. फळ देवाच्या हाती आहे, असे म्हणून जो तयारीवाचून उपदेशास उभा राहतो, किंवा महिना महिना एखाद्या वस्तीकडे फिरकत नाही, त्यास कामातले समाधान ठाऊकच नाही. त्यास न केलेल्या कामाचा आराम तेवढा ठाऊक आहे.

उलट, केवळ आकड्यावर आनंद टांगणारा मनुष्य अधिक धोक्यात असतो असे आमचे मत आहे. तो तयार नसलेल्यास घाईने बाप्तिस्म्यास आणतो, आणि दोन वर्षांनी ते घर मंडळीतून निघून गेले म्हणजे लोकांस दोष देतो. लूकाच्या १० व्या अध्यायातील सत्तर शिष्य मोठे यश घेऊन परतले होते. भुतेदेखील वश होतात म्हणून ते हर्षाने फुलले होते. प्रभूने त्यांस रागे भरले नाही, परंतु त्यांचा आनंद त्या यशावरून काढून दुसरीकडे नेला. त्यांची नावे स्वर्गात लिहिली आहेत, ह्याकडे. ही नावे ते गावोगाव निघाले त्याहून यश मिळाल्यावर अधिक ठळक झाली, असे तेथे म्हटलेले नाही.

दुःख मात्र राहतेच, व ते लपवू नये. ज्या घरी दहा वर्षे गेलो, त्या घराने दार लावून घेतले, तर डोळ्यांत पाणी यावे हेच योग्य. समाधान म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे.

तेव्हा यंदा अहवालात शून्य मांडावयाचे असेल, तर बंधूंनी शून्यच मांडावे. "काही जण अनुकूल आहेत" अशा शब्दांनी ते झाकू नये. आणि त्याखाली, कोणत्या घरी बसून कोणता उतारा वाचला, कोणत्या म्हातारीने काय विचारले, तिला कोणत्या शब्दांत सांगितले म्हणजे कळले, हेही लिहावे. त्यासाठी रकाना नसतो. पण कागदाला समास असतो.