मारक्या बैलाचा धनी

आपण हातपाय न हालवितां, मनांत कोणाविषयीं वाईट न आणितां, दुसऱ्याचें मोठें नुकसान करूं शकतों काय? आणि तसें झाल्यास त्याचा दोष आपल्यावर येतो किंवा नाहीं? प्रश्न जुना आहे. परंतु अलीकडे तो नव्या वेषानें आमच्या वाचकांच्या दारीं येऊन उभा राहिला आहे.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी आहेत. त्यांच्या गोठ्यांतून दोन शेळ्या चोरीस गेल्या, तेव्हां पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलानें गोठ्यावर इंटरनेटला जोडलेला कॅमेरा बसवून दिला. आतां मुलगा पुण्यांत बसून शेळ्या पाहतो. सोय चांगली आहे. तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु पासवर्ड काय ठेविला आहे असें आम्हीं विचारलें, तेव्हां म्हातारबोवा हंसून म्हणाले, "अहो, खोक्यांतून आला तोच. आमच्या शेळ्या पाहून कोणाला काय मिळायचें आहे?"

हें उत्तर भोळेपणाचें आहे, मूर्खपणाचें नव्हे. शहरांतील सुशिक्षितही हेंच देतात. त्यांत चूक एवढीच कीं, या चोराला शेळ्या नकोच असतात. त्याला कॅमेराच पाहिजे असतो. असा कॅमेरा म्हणजे भिंगाचा डोळा लाविलेला एक लहानसा संगणक होय, आणि जो किल्ली फिरवील त्याची तो चाकरी करतो.

सन २०१६ च्या ऑगस्ट महिन्यांत 'मिराई' नांवाचा एक प्रोग्राम जाणत्यांच्या नजरेस आला. जपानी भाषेंत या शब्दाचा अर्थ भविष्य असा आहे. तो इंटरनेटवर दारोदार फिरून कॅमेरे, त्यांचें चित्रण सांठविणारे डीव्हीआर व राउटर शोधी, आणि प्रत्येक दाराला सुमारें साठ ठराविक किल्ल्या लावून पाही. त्या किल्ल्या म्हणजे कारखान्यांतून यंत्राबरोबरच येणारे पासवर्ड. कोठें 'ॲडमिन', कोठें '१२३४५६', अशा मासल्याचे. दार उघडलें कीं तें यंत्र फौजेंत दाखल. धन्याला पत्ताही नसे. कॅमेरा पूर्वींप्रमाणेंच चित्र दाखवी. ही फौज भरांत असतां सुमारें सहा लाख यंत्रांची होती. ता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अशा यंत्रांनीं अमेरिकेंतील डाइन या कंपनीवर एकदम धाड घातली. संकेतस्थळाचें नांव घेतांच त्याचा आंकडी पत्ता सांगणें हें त्या कंपनीचें काम. तेंच कोलमडल्यामुळें ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे स्थळें कित्येक तास पुष्कळांस उघडतां येईनात.

कोणी म्हणेल, धनाढ्य कंपन्यांची थोडी गैरसोय झाली, त्यांत काय बिघडलें? परंतु त्याच वर्षीं आफ्रिकेंतील लायबेरिया या गरीब देशाच्या एका मोबाईल कंपनीवर असाच हल्ला झाला व तेथील लोकांचें इंटरनेट विस्कळित झालें. ज्यानें पैसे घेऊन तें काम केलें त्यास २०१९ सालीं इंग्लंडांत तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच्या दोषाविषयीं वाद नाहीं. प्रश्न आहे तो ज्यांचीं यंत्रें त्यानें हत्यारासारखीं वापरलीं त्या धन्यांचा.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत मारक्या बैलाचा न्याय सांगितला आहे. ज्या बैलाची खोड धन्यास ठाऊक नव्हती त्यानें कोणास ठार केलें, तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे असें अगोदर कळविलें असून त्यानें त्यास आवरून धरलें नाहीं, तर धनी दोषी. दोन्ही प्रसंगीं शिंगें तींच. फरक काय तो कळण्याचा. या न्यायानें २०१६ सालच्या बहुतेक धन्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांस कोणी कळविलेंच नव्हतें, आणि कित्येक यंत्रांत तर पासवर्ड असा पक्का बसविलेला होता कीं, धन्यानें मनांत आणिलें तरी तो बदलतां येत नसे. त्याच अध्यायांत खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याचाही न्याय आहे, व यंत्र करणारा कारखानदार त्यांत सांपडतो असें आमचें स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांस एकच सोपा पासवर्ड घालून तीं विकण्यास कायद्यानें मनाई झाली आहे. खड्ड्यावर झांकण घालण्यास इतकीं वर्षें लागलीं.

परंतु कारखानदार दोषी ठरला म्हणजे धनी सुटला असें नाहीं. आमच्या म्हातारबोवांस आतां कळविलें आहे, आणि कळविलेल्या मनुष्याची स्थिति न कळविलेल्यासारखी राहत नाहीं. तें त्यांनीं आमच्या अगोदर ओळखलें. त्यांनीं विचारलें, "मग रोज वीज जाते तेव्हां तो आंतला चोर निघून जात नाहीं काय?" प्रश्न मार्मिक होता. वीज जातांच मिराई यंत्रांतून खरोखरच पुसला जाई. पण पासवर्ड तोच राहिला तर वीज आल्यावर थोड्याच वेळांत तो पुन्हां शिरे.

पुढच्या रविवारीं मुलगा घरीं आला, तेव्हां त्यांनीं त्याच्याकडून पासवर्ड बदलून घेतला. नवा पासवर्ड लांबलचक असून लक्षांत राहीना, म्हणून तो गोठ्याच्या आंतल्या भिंतीवर खडूनें लिहून ठेविला आहे. मुलास हें मुळींच पसंत नाहीं. आम्हांस मात्र त्यांत फारसें वावगें दिसत नाहीं. परदेशांत बसलेल्या चोराला ती भिंत वाचतां येत नाहीं. कॅमेऱ्याचें तोंड तेवढें तिच्याकडे नसावें, म्हणून आम्हीं स्वतः जाऊन पाहिलें. तें शेळ्यांकडेच आहे.