भीड आणि धूर

मे महिना लागला की गावागावांतील क्रूस रंगवले जातात, त्यांवर झेंडूच्या माळा चढतात आणि संध्याकाळच्या रोजरीला माणसे जमू लागतात. जुन्या कॅलेंडरप्रमाणे ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. १९६० साली तो वैश्विक ख्रिस्तसभेच्या कॅलेंडरमधून वगळण्यात आला, तरी आपल्या लोकांनी मे महिना काही सोडला नाही. पावसाआधीचे मोकळे दिवस, मुंबईहून आलेले पाहुणे, सुट्टी लागलेली मुले, यामुळे क्रुसापुढची जागा कधीच पुरत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी रोजरी अर्ध्यावर आली असताना एक आजी खुर्चीवरून उठल्या आणि दूर विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसल्या. त्यांना दमा आहे. खुर्चीच्या मागेच तीन-चार तरुण सिगारेट ओढत उभे होते. प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “जाऊ द्या, फादर. सणाच्या दिवशी कशाला कुणाचं मन मोडायचं? आपलीच पोरं आहेत.” आम्हीही त्या तरुणांना काही बोललो नाही. त्यांच्यापैकी एक जण सकाळपासून मांडवासाठी राबला होता.

बंधुभगिनींनो, आजींचे ते उठून जाणे वर्षभर आमच्या मनात राहिले. मोकळ्या आकाशाखाली कुणी सिगारेट ओढली, तर त्यात नेमके काय चुकते?

कायद्याचे उत्तर अर्धेच आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध आदेश दिला. २००३ साली कायदा झाला. पण त्यातील सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून ‘मोकळी जागा’ वगळलेली होती. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ती फट थोडी बुजवली. खुले प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा आणि लोक जातात अशा इतर जागा यांना ‘मोकळी जागा’ म्हणता येणार नाही, असे ठरले. दंड २०० रुपयांपर्यंत. गावच्या क्रुसापुढचे अंगण यात बसते की नाही, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. संत थॉमस अक्विनास यांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे की मनुष्याचा कायदा प्रत्येक दोषाला मनाई करू शकत नाही. तो बहुसंख्य सामान्य माणसांसाठी असतो आणि इतरांना इजा करणाऱ्या मोठ्या दोषांपुरताच थांबतो. उरलेले काम सद्गुणाचे.

ओढणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, शरीर माझे, पैसा माझा. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना हेच मानले होते, पण दुसऱ्याला अपाय होईपर्यंतच. शेताच्या बांधावर एकट्याने ओढलेल्या विडीचा धूर वाऱ्यावर विरून जातो, हे खरे. खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत मात्र विरण्याआधी तो शेजाऱ्याच्या नाकात गेलेला असतो. दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वतः न ओढणारी दहा लाखांहून अधिक माणसे त्यामुळे दरवर्षी मरतात. आणखी एक गोष्ट गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या माणसाने हात खाली सोडला की त्यातील जळते टोक लहान मुलाच्या डोळ्यांसमोर येते.

“ओढली तर चालेल ना?” असे विचारणारे सभ्य लोकही आहेत. पण या विचारण्याने प्रश्न सुटतो का? हिंदीत भीड म्हणजे गर्दी. आपल्या मराठीत भीड म्हणजे संकोच. सणाच्या मांडवात दोन्ही एकत्र येतात. ज्याच्याशी उद्या पाण्यावरून, बांधावरून, लग्नकार्यावरून संबंध येणार, त्याला चारचौघांत ‘नाही’ कोण म्हणेल? भिडेपोटी दिलेला होकार हा होकार नव्हे. विचारणाऱ्याने नकळत स्वतःचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेले असते.

आपल्याकडे शिष्टाचार नाही, असेही नाही. वडील दिसले की हातातली सिगारेट पाठीमागे जाते. आम्ही समोर आलो तर काही जण ती पायाखाली चिरडून “गुड इव्हिनिंग, फादर” म्हणतात! ही लाज खरी आहे, आम्ही तिला हसत नाही. पण ती फक्त वर पाहते. काखेतल्या बाळासमोर, गर्भवती वहिनीसमोर, दमेकरी आजीसमोर तोच हात लपत नाही, कारण ती माणसे रागावणार नाहीत. करिंथच्या ख्रिस्ती लोकांना मूर्तींपुढच्या नैवेद्याचे मांस खावे की नाही, हा प्रश्न पडला होता. संत पौलाने त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले. मात्र दुर्बल बंधू अडखळणार असेल, तर आपण ते मांस सोडून देऊ, असे पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात कळवले. त्याने वडीलधाऱ्यांच्या रागाचा नव्हे, दुर्बलाचा विचार केला.

धूम्रपान करणाऱ्याला सरसकट पापी ठरवणे आम्हांस पटत नाही. धर्मशिक्षणाचा ग्रंथ (कलम २२९०) तंबाखूच्या अतिरेकाला अन्न आणि मद्याच्या अतिरेकाशेजारीच बसवतो, आणि सणाच्या रात्री आपल्या मांडवांत काय काय वाहते हे सर्वांना माहीत आहे. शिवाय व्यसन हा फासही असतो. पण फायदा सोडण्याचे उदाहरण वरूनच आले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री थांबवली. त्यातून मिळणारे उत्पन्नही गेले.

यंदाच्या मे महिन्यासाठी आम्ही गावच्या तरुणांशीच बोललो. फलक लावायचा नाही, असे त्यांनी सुचवले आणि आम्ही मानले. संध्याकाळी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून मांडवाच्या पूर्वेला, सुक्या गवतापासून आणि झावळ्यांपासून दूर, चिंचेखाली वाळूची बादली ठेवली जाईल. ज्याला ओढायची आहे, त्याने कुणालाही न विचारता उठून तिथे जायचे. बादली भरण्याचे काम त्याच चौघांनी घेतले आहे. आजींची खुर्ची कुठे मांडायची, ते विचारायला आम्ही बुधवारी त्यांच्या घरी जाणार आहोत.