एका चेंडूपलीकडचे ब्रँका

बेसबॉलपटू राल्फ ब्रँका २३ नोव्हेंबर २०१६ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी गेले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत सगळा भर ६५ वर्षांपूर्वीच्या एका चेंडूवर होता.

३ ऑक्टोबर १९५१. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. ब्रुकलिन डॉजर्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स, बेसबॉलचा निर्णायक सामना. नववी, म्हणजे अखेरची इनिंग. डॉजर्स ४-२ने पुढे, पण जायंट्सचे दोघे बेसवर. दमलेल्या डॉन न्यूकम यांच्या जागी ब्रँका पिचर म्हणून आले. त्यांचा दुसराच चेंडू बॉबी थॉमसन यांनी डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला, म्हणजे होमरन. तीन धावा, सामना खलास.

तेव्हापासून ब्रँका म्हणजे तो चेंडू. आपल्याकडे चेतन शर्मा यांच्या माथी शारजातला मियाँदादचा षटकार असाच बसला. विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक त्यांनीच १९८७ मध्ये नागपुरात घेतली, हे मात्र आठवण करून द्यावं लागतं. हरण्याचा एक क्षण सगळ्यांनी एकदम पाहिलेला असतो, म्हणून तो टिकतो. पण सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट हीच माणसाची खरी ओळख, असं मानणं हा अन्याय आहे.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन डॉजर्समध्ये आले. कृष्णवर्णीय खेळाडू नको म्हणून संघातल्याच काहींनी निषेधाचा अर्ज काढला. ब्रँकांनी त्यावर सही केली नाही. मोसमाच्या पहिल्या दिवशी खेळाडू रांगेत उभे राहिले, तेव्हा २१ वर्षांचे ब्रँका रॉबिन्सन यांच्या शेजारी होते. १९७२ मध्ये रॉबिन्सन यांच्या शवपेटीला त्यांनी खांदाही दिला.

१९५१च्या त्या मोसमात जायंट्स दुर्बिणीतून कॅचरने पिचरला केलेल्या खुणा चोरत होते, हे ब्रँकांना १९५४ मध्येच कळलं. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने ते उघड करेपर्यंत त्यांनी जाहीर तक्रार केली नाही. थॉमसन यांच्या शेजारी बसून त्याच होमरनच्या फोटोंवर ते सह्या देत राहिले. अडचणीतल्या माजी खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थेसाठीही त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

पराभव कुणाच्याही वाट्याला येतो. तो पदरात घेऊन कडवटपणा न धरता पुढची साठ-पासष्ट वर्षं जगणं ही कमाई असते, आणि माणूस गेल्यावर मोजायची तीच. या मापाने ब्रँका मोठे होते. तो चेंडू पडला नसता, तरी तितकेच मोठे असते.