राखणदाराची परीक्षा

एका प्रयोगशाळेत एक डिटेक्टर होता. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकातून घडलेला. त्याला अवरक्त किरण दिसत. द्रव नायट्रोजनने राखलेल्या उणे 196 अंशांच्या थंडीत तो बसे. काळोखात कुणी नुसता हात पुढे केला, तरी पाची बोटं त्याला वेगवेगळी दिसत. पण नजर जितकी तीक्ष्ण, तितकाच जीव नाजूक. लेसरचा एक झोत आत शिरला, तर कारभार आटोपलाच. म्हणून त्याला राखणदार नेमायचं ठरलं. तीन उमेदवार आले.

पहिला काळा फिल्टर. तो म्हणाला, "मी कुणालाच फारसं आत सोडत नाही. माझ्यामागे निर्धास्त राहा."

प्रयोगशाळेच्या बाईंनी काळोखात हात धरला. डिटेक्टर म्हणाला, "बाई, मला तर काहीच दिसत नाही."

"मग जीव वाचून उपयोग काय?" असं म्हणत बाईंनी फिल्टर काढून ठेवला.

दुसरं आलं शटर. पोलादी पातं, खणखणीत आवाज. "धोक्याचा इशारा मिळायचा अवकाश, मी दार लावलंच म्हणून समजा!" हात स्वच्छ दिसला. मग बाईंनी लेसरचा झोत सोडला. तो सेकंदाच्या काही अब्जांश भागात संपला. इशारा निघाला, मोटर फिरली, पातं खाली आलं. पण यात कित्येक हजारांश सेकंद गेले. चित्रात एक पांढरा ठिपका उमटला होता, तो पुन्हा कधीच गेला नाही.

"मी तर लगेच आलो होतो," शटर कुरकुरलं.

"आलास, पण चोर गेल्यावर," डिटेक्टर कण्हत म्हणाला.

तिसरा होता व्हॅनेडियम डायऑक्साइडचा पापुद्रा. केसाच्या शंभराव्या भागाइतकीही त्याची जाडी नव्हती. त्याला पाहून शटरला हसू फुटलं. पापुद्रा मात्र एवढंच म्हणाला, "बाई, भिंग किरण जिथे एका बिंदूत गोळा करतं, तिथे मला बसवा."

बाईंनी तसं केलं. हात दिसला, बोटंही मोजता आली. मग झोत सोडला. झोताच्या पहिल्या टोकानेच पापुद्रा तापला, 68 अंशांच्या वर गेला आणि त्याच्या अणूंची मांडणीच बदलली. अर्धवाहकाचा धातू झाला. उरलेला बहुतेक झोत त्याने परतवून लावला. थोड्या वेळाने निवला, तसा पुन्हा पारदर्शक झाला. डिटेक्टरच्या चित्रात नवा ठिपका उमटला नाही.

"तुला हुकूम कुणी दिला?" शटरने विचारलं.

"हुकूम कसला? हाताच्या उबेने मी तापत नाही, झोताने तापतो. तापलो की धातू होतो, हा माझा स्वभाव."

बाई म्हणाल्या, "1959 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एफ. जे. मोरिन यांनी हा स्वभाव नोंदवला होता. पण ध्यानात ठेव, झोत फारच प्रखर असला तर तूही जळशील."

"जळेन," पापुद्रा म्हणाला, "पण मला बदलता येतं. डिटेक्टर बदलणं महागात पडेल."

त्याच दिवशी पापुद्र्याची नेमणूक झाली.

तात्पर्य : सगळ्यांनाच अडवणारा आणि हुकमाची वाट पाहत बसणारा, दोघेही राखणीच्या कामाचे नाहीत. एरवी वाट मोकळी ठेवतो आणि संकट येताच आपणहून आडवा होतो, तोच खरा राखणदार.